फुकटच्या दुकानाची लाज

आपल्या घरातील जुनी वस्तू दुसऱ्याला देताना आपला हात सढळ असतो. दुसऱ्याच्या घरातील जुनी वस्तू स्वतःसाठी घेताना मात्र तोच हात मागे जातो. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नाही. तो आपल्या सबंध वस्तीचा आहे, आणि त्यातून आम्ही स्वतःलाही वगळीत नाही. आजवर तो स्वभावापुरता होता, तोपर्यंत त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. आता तो ठरावाच्या रूपाने संस्थेच्या कार्यवृत्तात उतरू पाहत आहे. म्हणून चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

इंदूरच्या आमच्या वस्तीत, मंडळाच्या इमारतीच्या मागील दोन खोल्यांत, काही वर्षांपासून घरगुती वस्तूंचे एक दुकान चालते. दुकान म्हणायचे ते एवढ्याचसाठी की तेथे मांडणी आहे, फळ्या आहेत, उघडण्याची वेळ ठरलेली आहे. गल्ला मात्र नाही. शनिवारी आणि रविवारी सकाळी काही निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले दोघे गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणारी काही मुले ते उघडतात. लोकांनी आणून दिलेली भांडी, चादरी, मिक्सर, इस्त्री, खुर्च्या, मुलांच्या सायकली, पुस्तके तेथे लावलेली असतात. ज्याला जे हवे त्याने ते न्यावे. काही वस्तू नेऊन परत आणावयाच्या असतात: वॉकर, चाकांची खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हवेची गादी, पाळणा, पंक्तीची मोठी पातेली. त्यांच्यासाठी तेवढी अनामत घेतली जाते आणि वस्तू परत आली की अनामतही परत जाते.

गेल्या सर्वसाधारण सभेत या दुकानासंबंधी तीन सूचना आल्या. पहिली अशी की, दुकान केवळ 'गरजूं'साठी ठेवावे आणि येणाऱ्याकडून शिधापत्रिका अथवा उत्पन्नाचा दाखला पाहावा. दुसरी, वस्तू देणाऱ्यांच्या नावांचा फलक दर्शनी भागी लावावा. तिसरी, हे जमत नसल्यास दुकान बंद करून खोल्या भाड्याने द्याव्यात व त्या उत्पन्नातून एखादे धर्मादाय कार्य करावे. सभेत न बोलली गेलेली, पण जिना उतरताना आमच्या कानी पडलेली चौथी सूचनाही आहे: दुकान 'आपल्या' लोकांपुरते ठेवावे. सूचना करणारी मंडळी दुष्ट नाहीत. त्यांतील काहींनी पहिल्याच दिवशी दुकानाला कपाटे दिली होती. परंतु या चारही सूचना एकाच चुकीच्या कल्पनेतून निघालेल्या आहेत, आणि त्यांतील कोणतीही एक मान्य झाली तरी दुकान राहणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम 'गरजू' या शब्दाविषयी. हा शब्द दिसतो सात्त्विक. पण गरज ही प्रसंगाची असते, ती माणसांची जात नव्हे. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीला चार-सहा महिने पाळणा हवा असतो. मांडीचे हाड मोडलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला काही आठवडे वॉकर हवा असतो. शिकवणीसाठी धारहून किंवा खरगोनहून इंदुरात खोली घेऊन राहिलेल्या मुलाला एक बादली, एक टेबल आणि एक गादी हवी असते. यांतील गरजू कोण? पहिल्या दोघांकडे दाखला निघणार नाही. तिसऱ्याची शिधापत्रिका गावी बापाच्या ट्रंकेत असणार. ज्याच्याकडे दाखला आहे त्याच्याकडे कदाचित तिन्ही वस्तू असतील. दाखल्याने गरज मोजता येत नाही. दाखला मागितल्याने येणारा येईनासा मात्र होतो, आणि प्रथम येईनासा होतो तो नेमका भिडस्त माणूस.

याहून मोठे नुकसान दुसऱ्या बाजूला होते. घेणारे फक्त 'ते लोक' आहेत असे एकदा ठरले की देणाऱ्याची नजर बदलते. आपल्याला कधी काही घ्यावयाचे नाही, तर मग देताना झाकण नसलेला कुकर चालतो, एक तंगडी हलणारी खुर्ची चालते, तेलकट उशी चालते. 'त्यांना तेवढेच पुष्कळ' असे मनातल्या मनात म्हटले जाते. दुकान चालविणाऱ्या बाईंना आम्ही एकदा विचारले की, येणाऱ्या वस्तूंपैकी कामाच्या किती असतात? त्यांनी आकडा सांगितला नाही. दाराबाहेर ठेवलेल्या तीन पोत्यांकडे बोट केले. ती पोती त्या दिवशी संध्याकाळी अटालेवाल्याकडे जायची होती. आपल्या घरातील अटाला आपल्या हातांनी विकण्याऐवजी तो दुसऱ्याच्या श्रमांनी विकावयास लावणे, आणि वर त्याला दान म्हणणे, हा प्रकार आम्हांस लज्जास्पद वाटतो.

हे केवळ आमच्या वस्तीत घडते असे नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला, तेव्हा देशभरातून जुन्या कपड्यांचा पूर गेला आणि त्यांतील पुष्कळ कपडे कोणी न उचलता उघड्यावर पडून राहिले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पुन्हा तेच झाले. तेथल्या लोकांच्या वापरात न बसणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला साचले. 'गूंज' या संस्थेने ते ढीग गोळा करून, निवडून, मार्गी लावण्याचे काम केले. देणारे लाखो होते आणि त्यांचे मन वाईट नव्हते. त्यांनी फक्त एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता: हा कपडा उद्या मला घालावा लागला तर मी घालीन का?

'गूंज'चे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे अनेकांना ठाऊक असेल. पण त्यांची खरी कल्पना जुने कपडे गोळा करण्याची नाही. गावातील लोकांनी आपल्याच गावासाठी विहीर खणावी, बांध घालावा, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व घरगुती वस्तू घ्याव्यात, अशी ती योजना आहे. घेणाऱ्याने मान खाली घालून घेऊ नये, यासाठी एवढा खटाटोप. ज्याने हे काम आयुष्यभर केले त्याला जे प्रथम सुचले ते आपल्या सभेला शेवटपर्यंत सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देण्याघेण्यावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही आधार घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली असतात. यांतील एक तोडले की उरलेली दोन बिघडतात. आपल्याकडे यासाठी मोस वाचण्याचीही आवश्यकता नाही. मराठीत 'मिंधेपणा' हा एक शब्द पुरेसा आहे. ज्याला परत काही करता येत नाही तो मिंधा होतो. जो फक्त देतो आणि कधी घेत नाही, तो इतरांना मिंधे करतो. दुकानात देणाऱ्यानेही घेतले, तर कोणी कोणाचा मिंधा राहत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, हे दुकान टिकवावयाचे असेल तर आपण, म्हणजे ज्यांच्याकडे पुष्कळ आहे त्यांनी, तेथून वस्तू घेतल्या पाहिजेत.

हे ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. 'लोकांचे वापरलेले आपण वापरायचे?' असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनी क्षणभर स्वतःचे बालपण आठवावे. नवजात बालकाच्या अंगाला प्रथम नवे कापड लावीत नसत. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि बाळोती होत. वाड्यातील एकाच पाळण्यात तीन बिऱ्हाडांची मुले वाढत आणि त्या पाळण्याचा मालक कोण हे पुढे कोणाला नीट सांगताही येत नसे. दिवाळीच्या आधी चकलीचा सोऱ्या या घरातून त्या घरात फिरे. होळीला पुरणयंत्र आणि गणपतीत मोदकपात्र फिरे. जुन्या पातळांची गोधडी होई आणि तिच्यात कोणाकोणाची पातळे आहेत हे पांघरणाऱ्याला ठाऊक असे. कार्यप्रसंगी मंडळाची पातेली, पराती, पिंपे, ओगराळी येत. घासून, मोजून परत जात. त्या पातेल्यांत कोणाच्या मुंजीचा स्वयंपाक आधी झाला होता, असे कोणी विचारले नाही.

आणि संक्रांतीचे वाण? हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक जण काहीतरी घेऊन जाते आणि आपल्या घरी बोलावून काहीतरी देते. त्यात श्रीमंत-गरीब पाहिले जात नाही; किंबहुना वाण न घेता निघून जाणे हाच यजमानिणीचा अपमान समजतात. या देण्याला आपल्या भाषेने शब्दही केवढा मोकळा दिला आहे: वाण 'लुटतात'. ज्या समाजाला बरोबरीच्या नात्याने वस्तू लुटण्याची एवढी जुनी सवय आहे, त्याने बिनपैशाच्या दुकानासमोर संकोचून उभे राहावे, हे परंपरेमुळे घडलेले नाही. परंपरा विसरल्यामुळे घडलेले आहे.

ही विस्मृती फार जुनी नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जुने वाडे पडून फ्लॅट झाले, तेव्हा आजीचे तांब्याचे घंगाळ, पितळी समया, बंब, पाटा-वरवंटा यांना जागा उरली नाही. त्यांतील धातूचे सामान किलोच्या भावाने मोडीत गेले. आज तसलेच घंगाळ एखाद्या हॉटेलाच्या दारात फुलांच्या पाकळ्या घालून ठेवलेले दिसते आणि आपण त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढतो. तसलीच समई 'अँटिक' म्हणून मांडलेल्या दुकानातून चढ्या भावाने विकतही आणतो. तीही कोणाच्या तरी घरातील वापरलेलीच असते! म्हणजे वापरलेल्या वस्तूची आपल्याला लाज नाही. पैसे न मोजता मिळालेल्या वस्तूची लाज आहे. ही लाज बाजाराने शिकविलेली आहे. तिला संस्काराचे नाव देऊ नये.

देणाऱ्यांच्या नावांचा फलक ही दुसरी सूचना. धर्मशाळेच्या पायरीवर, देवळातल्या फरशीवर नावे कोरण्याची आपल्याकडे रीत आहे, हे खरे. पण पायरीवर नाव कोणाचे, यावरून पायरी चढणाऱ्याला कोणी ओळखत नाही. येथे तसे नाही. अमुक यांनी शिवणयंत्र दिले, असे फलकावर लिहिले की चार घरांपलीकडे ते शिवणयंत्र ज्या बाईकडे आहे तिचेही नाव न लिहिता लिहिले गेले. एकाच वस्तीत राहणाऱ्या माणसांत हे चालत नाही. उद्या त्या बाईने त्या यंत्रावर ब्लाउज शिवायला घेतले तर देणाऱ्याच्या घरचे आधी शिवून द्यावे, अशी अपेक्षा सुरू होईल. आणि तिने नाही म्हटले तर ती कृतघ्न ठरेल. दुकानाच्या वहीत आज वस्तू आणि तारीख एवढेच लिहितात. नाव लिहितात ते फक्त परत आणावयाच्या वस्तूंपुढे. ही पद्धत ज्यांनी घातली त्यांना माणूस कळतो.

आता आक्षेपांकडे वळू. 'फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही' हा सर्वांत लाडका आक्षेप. त्यात तथ्य नाही असे नाही. परत आणावयाच्या वस्तू निष्काळजीपणे वापरल्या जाऊ नयेत म्हणूनच अनामत आहे. आपल्या वाचनालयांनीही हेच केले. पण कायमच्या दिलेल्या चार वाट्यांवर दहा रुपये आकारल्याने वाट्यांची किंमत कशी वाढते, हे आम्हांस कळलेले नाही. दहा रुपयांनी एवढेच होते की ज्याच्याकडे दहा रुपये आहेत तो 'मी विकत घेतले' असे म्हणू शकतो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो बाहेर राहतो. लोक नेतात आणि विकतात, असाही आक्षेप आहे. असे एक-दोनदा घडले आहे, हे आम्ही लपवीत नाही. त्यावर उपाय म्हणून एका खेपेला एका घराने ठरावीक वस्तूच न्याव्यात, असा नियम कार्यकर्त्यांनी केला आहे, आणि तो पुरेसा आहे. दोन माणसांनी गैरवाजवी केले म्हणून सर्वांकडून दाखले मागणे, हा न्याय आपण आपल्या घरात कधी लावत नाही.

एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. तो सभेत कोणी घेतला नाही, आम्हीच घेतो. बोहारणीचे काय? जुन्या साड्यांवर स्टीलचे भांडे देणारी ती बाई दारोदार फिरून जे गोळा करते त्यावर तिचे घर चालते. तिच्याकडचे कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जातात. दिल्लीच्या रघुवीर नगरात अशा कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. रद्दीवाला आणि अटालेवाला यांचेही तेच. आपले दुकान यांच्या पोटावर पाय देणारे असेल तर ते आम्हांस मान्य नाही. म्हणून रद्दी, मोडका धातू, बाटल्या आणि घालण्याच्या साड्या दुकानाने घेऊच नयेत. त्या ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांना द्याव्यात. दुकानाने घ्यावे ते जसेच्या तसे वापरात येणारे सामान. ही मर्यादा दुकानाने अजून नीट पाळलेली नाही, आणि ती पाळली जावी अशी आमची मागणी आहे.

'हे पालिकेचे काम आहे' असे म्हणणारेही आहेत. आपले शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, याचा आम्हांसही अभिमान आहे. घराघरांतून ओला-सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त या शहराने अंगी बाणवली. केंद्र सरकारने १५ मे २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत देशभर जुन्या वस्तू स्वीकारण्याची केंद्रे उघडली गेली. त्याआधी, २०१५ च्या हिवाळ्यात इराणमधील मशहद शहरात कोणीतरी भिंतीवर खुंट्या ठोकल्या: नको असेल ते टांगावे, हवे असेल ते न्यावे. ती कल्पना सीमा ओलांडून आली. आपल्याकडे 'नेकी की दीवार' झाली, महाराष्ट्रात 'माणुसकीची भिंत' झाली. कल्पना सुंदर होती. पण पुष्कळ भिंतींचे पुढे काय झाले ते आपण पाहिले आहे. पहिल्या पावसात कपडे भिजले, जनावरांनी ओढले, आणि भिंतीखाली उकिरडा साचला. भिंतीला खुंटी असते. तिला डोळे नसतात आणि हातही नसतात. पालिका जागा देऊ शकते. आलेला कुकर उघडून पाहणारे माणूस शेजारातूनच यावे लागते.

हे उघडून पाहणे म्हणजे काय, ते सभेतील किती जणांनी पाहिले आहे? कुकर आला की त्याचे रबर ताठरले आहे का, शिट्टी मोकळी आहे का, सुरक्षा झडप मूळची आहे का, हे पाहतात. शंका असली तर तो मांडणीवर जात नाही. मिक्सर आणि इस्त्री लावून पाहतात. वायर सोललेली असली तर आधी बदलतात. गॅसच्या शेगडीबरोबर आलेली जुनी रबरी नळी काढून टाकतात. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ करू नये, असे चिठ्ठीवर लिहून ठेवतात. गाद्यांच्या शिवणी उलटून ढेकूण पाहतात. कापसाची गादी चांगली असली तर ती पिंजाऱ्याकडे जाते. वॉकरच्या पायांची झिजलेली रबरी टोपणे बदलतात, कारण ती झिजली तर म्हातारे माणूस न्हाणीघरात घसरून पडेल. औषधे कोणी कितीही आग्रह केला तरी घेत नाहीत. दर आठवड्याला हे दोन-तीन तास चालते. या श्रमाला वेतन नाही, आणि आपल्या वार्षिक अहवालात त्याला एक ओळही नाही.

अशी दुकाने जगात इतरत्रही झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९६७ च्या सुमारास 'डिगर्स' नावाच्या तरुणांनी बिनपैशाची दुकाने चालविली. तेथे 'येथील व्यवस्थापक कोण?' असे विचारणाऱ्याला 'तुम्हीच' असे उत्तर देत. कल्पना धीट होती, पण ती दुकाने फार दिवस टिकली नाहीत. जर्मनीत हॅम्बुर्गच्या आल्टोना भागात १९९९ मध्ये तशाच प्रकारचे दुकान निघाले आणि पुढे त्या देशातील अनेक शहरांनी ते उचलले. यावरून आम्ही एवढेच घेतो की, दुकान केवळ उत्साहावर चालत नाही. त्याला वेळापत्रक लागते, नियम लागतात, आणि घेणाऱ्यांतूनच उद्याचे चालविणारे तयार व्हावे लागतात. आमच्या दुकानात आज मांडणी लावणारा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी तेथून टेबल न्यायला आला होता. दाखला मागितला असता तर तो आत आलाच नसता.

तिसरी सूचना, खोल्या भाड्याने देण्याची. पैसे हे वस्तूंपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी असतात, हे आम्ही मान्य करतो. भूकंपाच्या वेळी जुन्या कपड्यांऐवजी पैसे गेले असते तर बरे झाले असते. पण येथे प्रश्न निधीचा नाही. भाड्याच्या उत्पन्नातून आपण वर्षाकाठी एक धनादेश कोणातरी संस्थेस पाठवू, छायाचित्र काढू आणि मोकळे होऊ. त्या धनादेशाने समोरच्या गल्लीतील माणूस आपल्याला ओळखू लागणार नाही. रात्री अकरा वाजता कोणाच्या वडिलांना रुग्णालयातून घरी आणले आणि चाकांची खुर्ची हवी असली तर धनादेश कामास येत नाही. किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक असावे लागते.

राहिली चौथी, न बोललेली सूचना. 'आपल्या' लोकांपुरते. येथे आम्हांस थोडे कठोर व्हावे लागेल. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदूरला आली. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या सुमारास वा नंतर चाकरीच्या, पौरोहित्याच्या, व्यापाराच्या निमित्ताने येथे स्थिरावले. माळव्याने त्यांना 'तुम्ही आमचे का?' असे विचारले नाही. ज्या अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपण दरवर्षी साजरी करतो, त्यांनी १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर बांधविले. गयेला, सोमनाथला आणि देशभर आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या, त्याही आपल्या खासगीतून. त्या घाटावर उतरणाऱ्याची भाषा त्यांनी विचारली नव्हती. त्यांच्या तसबिरीखाली बसून सभा भरवावयाची आणि बादली न्यायला आलेल्या मुलाची भाषा विचारावयाची, हे दोन्ही एकत्र जमणार नाही. मराठी टिकविण्याचे मार्ग दुसरे आहेत. बादली हा त्यांतील नव्हे. किंबहुना शनिवारी सकाळी त्या खोल्यांत जेवढे मराठी बिगरमराठी माणसांच्या कानी पडते तेवढे आपल्या व्याख्यानमालेतही पडत नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. आपली मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी आहेत. आईवडील गेले की ती दहा दिवसांची रजा काढून येतात. त्यांतील दिवसांत विधी होतात आणि उरलेल्या तीन दिवसांत पन्नास वर्षांचा संसार रिकामा करावयाचा असतो. कपाटे उघडतात, डोळे भरून येतात, आणि चौथ्या दिवशी अटालेवाल्याची गाडी दाराशी उभी राहते. हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. कोणालाही दोष देण्याजोगे त्यात काही नाही. पण त्या घरातील शेवया करण्याचे यंत्र, खलबत्ता, आरामखुर्ची, शिवणाचा डबा शेजारच्या घरांत गेला आणि वापरात राहिला, तर त्या मुलांना पुढच्या खेपेस या गावात ओळखीचे काहीतरी सापडेल. दुकान बंद झाले तर ही वाट बंद होईल. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांवर ही वेळ पुढील दहा-पंधरा वर्षांत येणार आहे, हे सभेने ध्यानात घ्यावे.

दुकानात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. मांडणीवर धूळ असते. पुस्तकांची निवड नीट होत नाही. परत न आलेल्या वस्तूंचा पाठपुरावा ढिला आहे. दोन हवेच्या गाद्या कोठे आहेत याचा पत्ता नाही. दुकान ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांतील बहुतेकांची सत्तरी उलटली आहे. या सर्वांवर उपाय करता येतात: महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून साफसफाई करावी, वहीची तपासणी एका माणसाकडे सोपवावी, आणि कार्यकारिणीतील प्रत्येक सदस्याने वर्षातून किमान चार सकाळी तेथे बसावे. ठराव करावयाचाच असेल तर हा करावा.

आणि आणखी एक करावे. पुढील सभेपूर्वी कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने दुकानातून एक वस्तू निवडून, सर्वांच्या देखत, आपल्या घरी वापरण्यासाठी न्यावी. ज्याला हे करता येईल त्याने 'गरजू' कोण यावर सभेत बोलावे. ज्याला ते करवणार नाही, त्याने निदान त्याचे कारण स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे आणि मगच मत द्यावे.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतः एका रविवारी तेथून एक पितळी किसणी आणली. आणताना पिशवीत खाली ठेवून वर वर्तमानपत्र घातले होते, हे कबूल करावयास हवे. ती किसणी चांगली चालते. परवा शेजारच्या घरी कार्य होते तेव्हा नारळ किसण्यासाठी त्यांनी ती मागून नेली आणि धुऊन परत आणून दिली. पुढील खेपेस वर्तमानपत्र घालणार नाही.